गावाला डॉक्टर मिळेना, म्हणून वेल्लोरच्या डॉक्टरीणबाईंनी तिथल्याच पोरींना डॉक्टर केलं

आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार असते. आत खाट असते, औषधांचं कपाट असतं, बाहेर पाटी असते. नसतो तो फक्त डॉक्टर. जाहिरात निघते, मुलाखती होतात, निवड होते आणि निवडलेला माणूस रुजूच होत नाही. झालाच तर सहा महिन्यांत बदलीसाठी खटपट सुरू करतो. मग पगार वाढवा, बॉण्ड लावा, दंड करा, असे उपाय पुन्हा नव्याने जाहीर होतात.

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वीही तो असाच होता, उलट जास्त बिकट होता. त्या काळात एका बाईने त्याला भलत्याच बाजूने हात घातला. शहरातला डॉक्टर गावात कसा पाठवायचा याचा विचारच तिने फारसा केला नाही. गावात राहू शकेल असा डॉक्टर मुळात तयार कसा करायचा, तो कुठे शिकला पाहिजे आणि शिकताना त्याने काय बघितलं पाहिजे, यावर तिने आयुष्य घातलं.

तिचं नाव डॉ. इडा स्कडर. वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटल तुम्ही ऐकलं असेल, तेच हे.

इडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा, राणीपेटचा. म्हणजे मद्रास इलाख्यातला अर्काटचा मुलूख. माणसं अमेरिकन, पण भारतात मुरलेली. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर न्यूयॉर्कमधली चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून १८१९ मध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून आधी सिलोनला आणि मग मद्रासला आले. त्यांची मुलं, नातवंडं, सुना असं करत पुढच्या पिढ्यांमध्ये या घरातले चाळीसहून जास्त लोक मिशनच्या कामात आले. इडाचे वडीलही डॉक्टर आणि मिशनरीच. पाच भावांमध्ये ही एकुलती एक बहीण.

आता तुम्ही म्हणाल, अशा घरातली मुलगी डॉक्टर होणार यात नवल काय? तर तसं नव्हतं. या मुलीने ठरवलं होतं की मरेपर्यंत मिशनरी व्हायचं नाही आणि भारतात राहायचं नाही.

त्याला कारणही होतं. १८७६ ते ७८ चा मद्रासचा भयंकर दुष्काळ तिने लहानपणी पाहिला. दारात येणाऱ्या उपाशी पोरांच्या तोंडात पावाचे तुकडे भरवायचं काम तिच्याकडे होतं, कारण हातात दिला तर तो खाण्याचंही त्राण काहींच्यात नव्हतं. पुढे कुटुंब अमेरिकेला गेलं. मग आधी वडील भारतात परतले, नंतर आईही गेली आणि इडा नातेवाइकांकडे मागे राहिली. आईवडील जगाच्या दुसऱ्या टोकाला लोकांची सेवा करतायत आणि आपण इथे एकटे, हे त्या वयात किती खुपलं असेल याची कल्पना येते. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफिल्डच्या शाळेत ती खोडकर म्हणून प्रसिद्ध होती. शिकायचं, लग्न करायचं आणि अमेरिकेतच सुखाने राहायचं, एवढाच तिचा बेत होता.

१८९० मध्ये आई आजारी असल्याची बातमी आली, म्हणून ती थोड्या दिवसांसाठी भारतात आली. आईवडील तेव्हा टिंडीवनमला होते. हे गाव आपल्या ओळखीच्या जिंजीच्या किल्ल्यापासून फार लांब नाही.

त्या मुक्कामातली एक रात्र इडा पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. इतक्या वेळा ती सांगितली गेली की तिला आता दंतकथेसारखा घाट आलाय. पण प्रसंग साधा आहे. रात्री ती घरात बसलेली असताना एक ब्राह्मण तरुण दारात आला. त्याची बायको, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांची पोर, बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले होते. इडाने सांगितलं की मी डॉक्टर नाही, माझे वडील आहेत, त्यांना घेऊन जा. तो नाही म्हणाला. परपुरुषाने बायकोला हात लावण्यापेक्षा ती मेलेली चालेल, असं त्याचं म्हणणं पडलं. तो गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला. तीच अडचण, तोच नकार. मग तिसरा, तोही हिंदूच. पुन्हा तेच.

सकाळी गावात मर्तिकाचे ढोल वाजले. चौकशी केली तर कळलं की तिन्ही बायका रात्रीत गेल्या.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्या गावात डॉक्टर होता. चांगला शिकलेला, अनुभवी, पैशासाठी अडून न बसणारा, आणि दारापासून चार पावलांवर. म्हणजे आजच्या सरकारी भाषेत पद भरलेलं होतं. तरीही त्या तिघींसाठी डॉक्टर नव्हताच. एखाद्या गावात डॉक्टर असणं आणि तिथल्या माणसाला डॉक्टर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इडाला विसाव्या वर्षाच्या आसपास असं समोर दिसलं.

तिने अमेरिकेला परत जायचं ठरवलं. पण आता लग्नासाठी नाही, तर डॉक्टर होण्यासाठी.

१८९५ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. हे नाव मराठी माणसाला नवीन नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये इथूनच डॉक्टर झाल्या होत्या. नंतर १८९२ मध्ये गुरुबाई करमरकरही इथूनच डॉक्टर झाल्या. इडा मात्र शेवटच्या टप्प्यात न्यूयॉर्कला गेली. तिथे कॉर्नेल विद्यापीठाने १८९८ मध्ये नवीन मेडिकल कॉलेज काढलं होतं आणि त्यात मुलींनाही घेत होते. मुलांबरोबर शिकलेल्या डॉक्टरची पदवी उद्या कोणी कमी लेखू नये, हा हिशेब त्यामागे होता. १८९९ मध्ये ती डॉक्टर झाली.

भारतात निघण्याआधी मिशनने एक काम अंगावर टाकलं. वेल्लोरला बायकांचं हॉस्पिटल हवंय, त्यासाठी ८,००० डॉलर जमव. इडा न्यूयॉर्कमध्ये दारोदार फिरली, हाताला फारसं काही लागलं नाही. शेवटी एका चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे जाऊन तिने वेल्लोरच्या बायकांची अवस्था सांगितली. बाईंचे मेहुणे, शेल नावाचे म्हातारे बँकर, शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इडाला बोलावलं, उलटसुलट प्रश्न विचारले आणि वारलेल्या बायकोच्या नावाने १०,००० डॉलरचा चेक लिहून दिला.

१ जानेवारी १९०० ला डॉ. इडा भारतात उतरल्या. बरोबर त्यांची मैत्रीण ॲनी हॅनकॉक होती. बेत असा होता की वडिलांच्या हाताखाली दोन-चार वर्षं काम करायचं, इथले आजार, इथली माणसं समजून घ्यायची आणि मग हॉस्पिटल उभं करायचं. पण काही महिन्यांतच वडील कॅन्सरने गेले.

आता विचार करा. नुकतीच पदवी घेतलेली डॉक्टर. सल्ला घ्यायला वर कोणी नाही. हॉस्पिटल कागदावर. आजही पहिल्या पोस्टिंगला आदिवासी भागात गेलेल्या पोराला जी गोष्ट सगळ्यात जास्त खाते, ती हीच. पगार नंतर. आधी हे, की रात्री दोन वाजता केस बिघडली तर विचारायचं कोणाला?

वेल्लोरच्या बंगल्यातल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत दवाखाना सुरू झाला. औषधं खिडकीतून द्यायची. भरती करून घ्यायची वेळ आली तर एक खाट. सुरुवातीला लोक बिचकले. वडिलांवर त्यांचा विश्वास होता, पण ही तरुण पोर काय करणार? मग हळूहळू एक बरी झालेली बाई दुसरीला घेऊन येऊ लागली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५,००० पेशंट या बाईंनी तपासले.

मदतीला कोण होतं? नर्स नव्हती, कंपाउंडर नव्हता. बंगल्यातल्या स्वयंपाकघरात काम करणारी सलोमी होती. डॉ. इडांनी तिलाच शिकवायला घेतलं. जखम धुणं, पट्टी बांधणं, औषध मोजून देणं, मग ऑपरेशनच्या वेळी हाताशी उभं राहणं. भांडी घासणारी बाई दवाखान्यातली पहिली मदतनीस झाली. वेल्लोरच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी मला इथेच दिसतं. बाहेरून माणूस मिळत नसेल तर समोर जो आहे त्याला तयार करा.

१९०२ मध्ये शेल यांच्या पैशातून ४० खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं. १९०९ मध्ये नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं.

आणि त्याच सुमारास सुरू झाले ते रस्त्यावरचे दवाखाने.

वेल्लोरहून गुडियात्तम सुमारे ३५ किलोमीटर. तिथे दर आठवड्याला दवाखाना भरायचा. आधी प्रवास बैलगाडीचा, मग डॉ. इडांनी एक फ्रेंच बनावटीची छोटी मोटार आणली. प्युजोची, एका सिलेंडरची. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी पळतेय म्हटल्यावर लोक शेतातून पळून जायचे. पण भीती मोडली तशी माणसं उलट रस्त्याच्या कडेला येऊन थांबायला लागली. ही गाडी अमुक वारी या झाडाखालून जाते, हे गावोगाव पसरलं. मग झाडं ठरली. वडाखाली गाडी थांबायची, औषधांची पेटी उघडायची, रांग लागायची. खरूज, डोळे, ताप, गळवं, महारोग, लहान मुलांचे हगवणीचे आजार. गाडीच्या फुटबोर्डवर बसून दात काढले जायचे. संपलं की पुढचं झाड.

यातली गंमत बघा. गावाला इमारत दिली नाही, पद मंजूर केलं नाही, कोणाला तिथे राहायला लावलं नाही. दिलं ते एवढंच, की ठरलेल्या वारी ठरलेल्या झाडाखाली डॉक्टर येणार म्हणजे येणार. आजही कित्येक आरोग्य केंद्रांची खरी अडचण ही आहे की पेशंट वीस किलोमीटर चालत येतो आणि कुलूप बघून परत जातो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही, सरळ भगताकडे जातो.

तरी एक बाई आणि एक मोटार किती पुरी पडणार? हॉस्पिटलात ऑपरेशनं वाढत होती, झाडांखालच्या रांगा वाढत होत्या. अमेरिकेतून आणखी डॉक्टर बायका बोलवायच्या तर त्या मोजक्याच येणार, त्यातल्या काही हवा न मानवल्यामुळे परत जाणार. सरकार दरबारी १८८५ पासून डफरिन फंड होता, त्यातून बायकांसाठी दवाखाने निघाले होते, पण ते मुख्यतः मोठ्या शहरांत. खेड्याकडे जायला कोणीच नव्हतं.

तेव्हा डॉ. इडांनी मेडिकल स्कूल काढायचं ठरवलं. मुलींसाठी, आणि तेही वेल्लोरमध्येच.

मुलींना डॉक्टरी शिकवणारी शाळा काढणारी ही देशातली पहिली बाई नव्हे. लुधियानाला डॉ. इडिथ ब्राउन यांनी १८९४ पासूनच ते काम सुरू केलं होतं. पण दक्षिणेत असं काही नव्हतं. आणि मद्रास शहर सोडून तालुक्याच्या गावासारख्या वेल्लोरला मेडिकल स्कूल काढायचं म्हणजे लोकांना खूळच वाटलं. त्यात पहिलं महायुद्ध सुरू होतं. वेगवेगळ्या मिशनांना एकत्र आणून पैसा उभा करायचा होता. सरकारी परवानगीसाठी त्या मद्रासच्या सर्जन जनरलकडे, कर्नल ब्रायसन यांच्याकडे गेल्या. ब्रायसन साहेबांचं मत असं होतं, की तीन अर्ज आले तरी खूप झाले. सहा मुली मिळाल्या तर करा सुरू.

अर्ज आले ते सहाच्या कितीतरी पट. कित्येकींना नाही म्हणावं लागलं.

१२ ऑगस्ट १९१८ ला शाळा सुरू झाली. उद्घाटनाला मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड आले होते. थाट उद्घाटनापुरताच. नंतर भाड्याची घरं, एक मायक्रोस्कोप, थोडी पुस्तकं आणि शिकवण्यापुरती काही हाडं. शरीरशास्त्र डॉ. इडा स्वतः शिकवायच्या. दिवसा ऑपरेशनं, मध्ये वर्ग, रात्री बाळंतपणं आणि आठवड्यातून एकदा गुडियात्तमचा रस्ता.

पहिल्या परीक्षेच्या वेळी सरकारी वर्तुळात कोणाला फार आशा नव्हती. मुलांच्या शाळांचाच निकाल पाचात एक असा लागत होता, तिथे या मुली काय करणार? निकाल लागला. वेल्लोरच्या चौदाच्या चौदा पास.

या मुली होत्या कोण? बहुतेक दक्षिणेतल्या ख्रिस्ती घरांतल्या, मिशनच्या शाळांमधून आलेल्या. तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणाऱ्या. काहींच्या घरी फी भरायची ऐपत नव्हती. गर्ट्रूड डॉड नावाची एक श्रीमंत अमेरिकन मैत्रीण स्वखर्चाने वेल्लोरला येऊन राहिली होती. शाळेचा जमाखर्च ती सांभाळायची आणि कित्येक मुलींच्या शिक्षणाचा खर्च गुपचूप स्वतःच्या खिशातून करायची. हा सगळा कारभार मिशनचा होता, त्यात धर्माचा हेतू होता, जागा आधी ख्रिस्ती मुलींना जायच्या. ते लपवायचं कारण नाही. पण त्या मुलींना मिळणारा पेशंट मात्र झाडाखाली येईल तो होता.

मुलींना मिळायची ती एलएमपी, म्हणजे लायसन्स्ड मेडिकल प्रॅक्टिशनरची सनद. विद्यापीठाच्या डिग्रीपेक्षा कमी काळाचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम. त्या काळात देशातले बहुतेक डॉक्टर असे एलएमपीच होते. पुढे १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला, त्यात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी ३० हजारांच्या आसपास हे परवानाधारक होते. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, मिशनच्या लहान दवाखान्यात जो डॉक्टर भेटायचा तो बहुधा हाच.

वेल्लोरच्या शिक्षणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वर्गात नव्हती. विद्यार्थिनी गाडीबरोबर रस्त्यावर जायच्या. शिकतानाच त्यांनी झाडाखालचा दवाखाना बघितला. एक्स-रे नाही, प्रयोगशाळा नाही, पुन्हा भेट आठवड्याने, अशा अवस्थेत निर्णय कसा घ्यायचा हे त्या विसाव्या वर्षी शिकल्या. आज आपण डॉक्टर कुठे शिकवतो? शहरातल्या हजार खाटांच्या हॉस्पिटलात, जिथे प्रत्येक तपासणी होते आणि प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ वरच्या मजल्यावर बसलेला असतो. आणि मग तोच मुलगा एका स्टेथोस्कोपच्या जोरावर दुर्गम भागात पाठवतो. तो घाबरणार नाही तर काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात डॉक्टर टिकावेत म्हणून शिफारशी जाहीर केल्या. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी निवडा, मेडिकल कॉलेजं मोठ्या शहरांबाहेर काढा, शिकतानाच ग्रामीण भागात काम करायला लावा, तिथल्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम करा, मागे राहिलेल्या डॉक्टरला सोबत आणि आधार द्या. वाचताना वाटतं की हे वेल्लोरचं १९१८ चं वेळापत्रक समोर ठेवूनच लिहिलंय.

राहिला प्रश्न टिकण्याचा. डॉ. इडा स्वतः कशा टिकल्या? श्रद्धा होती हे खरं, पण नुसत्या श्रद्धेवर माणूस साठ वर्षं काढत नाही. आई त्यांच्याबरोबर वेल्लोरलाच राहिली. हॅनकॉक, डॉड यांच्यासारख्या मैत्रिणी घरात होत्या. उन्हाळ्यात कोडाईकनालला जाऊन राहायचं, हा नेम. तिथे त्यांनी घरही केलं. टेनिस तर त्या म्हातारपणापर्यंत खेळल्या. पासष्टीत त्यांनी एका पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूला हरवल्याचा किस्सा वेल्लोरमध्ये अजून सांगतात. दर काही वर्षांनी रजा, त्या रजेत अमेरिकेत नवीन शस्त्रक्रिया बघणं. हे सगळं चैनीत मोडत नाही. घरचं माणूस, मित्र, सुट्टी, खेळ आणि शिकत राहण्याची सोय. आरोग्य केंद्रातला डॉक्टर नोकरी सोडताना ज्या गोष्टी नव्हत्या म्हणून सांगतो त्यांची यादी काढा, बहुतेक याच निघतील.

१९२०च्या दशकात शाळेला मोठं आवार हवं होतं. डॉ. इडा आणि ल्युसी पीबॉडी या जिद्दी बाईंनी अमेरिकेत मोहीम काढली. रॉकफेलर घराण्याच्या निधीने आशियातल्या मुलींच्या कॉलेजांसाठी १० लाख डॉलर देऊ केले, पण अट घातली की २० लाख तुम्ही लोकांकडून जमवा. ते जमले. वेल्लोरच्या वाट्याच्या पैशातून शहरात नवीन हॉस्पिटल झालं आणि बागायमच्या डोंगराजवळ दोनशे एकरांवर कॉलेजचं आवार उभं राहू लागलं.

आणि सगळं मार्गी लागलंय असं वाटत असतानाच १९३८ च्या सुमाराला घाव बसला.

मद्रास सरकारने ठरवलं की एलएमपी बंद. यापुढे डॉक्टर म्हणजे विद्यापीठाचा एमबीबीएस. हेतू वाईट नव्हता. इंग्रजांनी दोन दर्जाचे डॉक्टर केले, भारतीयांच्या वाट्याला दुय्यम सनद आली, हा राग त्या पिढीत होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का, हा प्रश्न चुकीचा नाहीच. पण वेल्लोरसाठी याचा अर्थ सरळ होता. एमबीबीएससाठी उच्च पदव्या असलेले प्राध्यापक हवेत, कित्येक पट खाटा हव्यात, प्रयोगशाळा हव्यात. ते जमत नसेल तर दार बंद.

डॉ. इडा तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. बाकीचे लोक या वयात पेन्शन घेऊन नातवंडं खेळवतात. या बाई दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि सत्तरी उलटल्यावर गावोगाव भाषणं देत पैसे मागत फिरल्या.

पैशाबरोबर दुसरा पेच होता. पुरेसे प्राध्यापक आणि पुरेसा निधी हवा तर पुरुषांच्या मिशनांनाही सोबत घ्यावं लागणार, म्हणजे कॉलेज मुलांनाही खुलं करावं लागणार. ज्या ल्युसी पीबॉडींनी आयुष्यभर साथ दिली त्यांना हे अजिबात पटलं नाही. बायकांनी बायकांसाठी दिलेला पैसा असा वळवायचा नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यात दम होता. डॉ. इडा दोन्हीकडे ओढल्या गेल्या. शेवटी त्यांनी कॉलेज वाचवायचं ठरवलं. जुनी मैत्री त्यात दुखावली.

१९४२ मध्ये वेल्लोरला एमबीबीएस सुरू झालं, मुलींसाठीच. १९४७ मध्ये मुलांची पहिली तुकडी आली. १९४६ मध्ये डॉ. इडा निवृत्त झाल्या आणि नंतर डॉ. हिल्डा लाझरस या पहिल्या भारतीय संचालक झाल्या.

त्याच १९४६ च्या भोर समितीनेही बहुमताने एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा असं सांगितलं. काही सदस्यांनी विरोध नोंदवला. इतके डॉक्टर लगेच तयार होणार नाहीत, खेडी मोकळी राहतील, असं त्यांना वाटत होतं. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं याच अहवालातून निघाली. म्हणजे ज्या अहवालाने खेड्यात केंद्र दिलं, त्यानेच खेड्यात सापडणारा डॉक्टर बंद करायला सांगितलं. हा वाद आजही मिटलेला नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून बघितला आणि गुंडाळला. आसामनेही २००५ मध्ये तसा प्रयोग केला. २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कायद्यात मर्यादित परवान्याच्या आरोग्यसेवकांची तरतूद आली तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले.

माझं मत विचाराल तर डॉ. इडांचे चौदा एलएमपी आणि आजचे शंभर एमबीबीएस यांची तुलना सोपी नाही. कमी शिकलेला डॉक्टर गावात राहतोच असंही नाही. त्याला फक्त शहर लवकर घेत नाही.

डॉ. इडा शेवटची वर्षं कोडाईकनालच्या घरात राहिल्या. पत्त्यावर फक्त डॉ. इडा, इंडिया एवढंच लिहिलेलं पत्र त्यांना पोचल्याचं सांगतात. मे १९६० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी त्या गेल्या.

वेल्लोर नंतर प्रचंड वाढलं. डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया इथेच विकसित केल्या, १९७१ मध्ये मूत्रपिंड रोपण झालं, आणि आज बंगाल, झारखंड, आसामकडून गाड्या भरभरून पेशंट वेल्लोरला येतात. झाडाखालच्या दवाखान्याचं देशातल्या बड्या हॉस्पिटलात रूपांतर झालं. यात थोडी खंतही आहे. जो पेशंट डॉ. इडांनी त्याच्या गावात जाऊन गाठला असता, तोच आता दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करून वेल्लोरला पोचतो.

पण जुना धागा तुटलेला नाही. एमबीबीएसच्या मुलांना सुरुवातीच्या काळातच खेड्यात नेऊन राहायला लावतात, घरोघरी फिरवतात. बऱ्याच जागांवरच्या विद्यार्थ्यांच्या मागे एखादं चर्च किंवा मिशनची संस्था प्रायोजक म्हणून उभी असते आणि डॉक्टर झाल्यावर दोन वर्षं गरजेच्या ठिकाणच्या हॉस्पिटलात काम करायचं बंधन असतं. बॉण्ड आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख भरा, असं कित्येक वर्षं चाललं आणि ज्यांना परवडलं त्यांनी भरले. वेल्लोरच्या बंधनात फरक असा की पाठवणारी संस्था मुलाला आधीपासून ओळखते, तिथे बहुधा वेल्लोरचाच एखादा सीनियर असतो आणि काम केलेल्याला पुढच्या शिक्षणासाठी परत यायला दार उघडं असतं. दोन वर्षं संपताच बॅग भरणारे तिथेही आहेत. सगळेच थांबत नाहीत.

या पद्धतीचा पाया होता निवड. कोण गावात काम करू शकेल हे मार्कांबरोबर माणूस बघून, चार दिवस त्याच्याबरोबर घालवून ठरवायचं. नीट आली आणि हा पायाच कोर्टात गेला. २०१७ मध्ये सीएमसीने नीटच्या समुपदेशनातून जागा भरायला नकार दिला आणि एमबीबीएसच्या १०० जागांपैकी फक्त एक भरली. एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की प्रवेश नीटमधूनच होणार, अल्पसंख्याक संस्थांनाही त्यातून सूट नाही. परीक्षेत सगळ्यांना एकच माप हवं, ही कोर्टाची भूमिका नाकारता येत नाही. तेव्हापासून वेल्लोरला प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, प्रायोजक आणि दोन वर्षांचं बंधन त्याच्या चौकटीत बसवलेलं आहे.